कोसंबींची नाणी

दादर, रात्री उशिरा.

आज अभियांत्रिकीच्या मुलांना प्रमाण विचलन शिकवताना दामोदर धर्मानंद कोसंबींविषयी सांगितले. पुढे डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येणाऱ्या या गणितज्ञाने १९४०च्या सुमारास तक्षशिलेची आहत नाणी एकेक करून तोलली. व्यवहारात फिरताना नाणं झिजतं, पण सगळी सारखी झिजत नाहीत. म्हणून सरासरी वजन घटतं आणि वजनांमधली तफावत वाढते. त्यावरून आधीची कोणती, नंतरची कोणती, याचा अंदाज बांधता येतो. केवढी देखणी गोष्ट! परीक्षेत मात्र आपण टी-चाचणीच्या पायऱ्यांना गुण देतो. मला हे पटत नाही. आकडे आधी हातात यावेत, सूत्र मागून. उद्या वर्गात वजनकाटा नेणार आहे. रुपयाची नाणी मुलंच आणतील, वर्षाखाली मुंबई टाकसाळीची हिऱ्याची खूण असलेली.