खेळातले घड्याळ

अलंकाराची हौस स्त्रीजातीस असते असे पुरुष मोठ्या तत्परतेने सांगतात. परंतु तीच हौस त्यांच्या ठायी काही कमी नसते. ती कबूल करण्याचा संकोच मात्र त्यांस वाटतो, आणि म्हणून ते तिच्यासाठी उपयुक्ततेचे पांघरूण शोधीत असतात. आमच्या मते मनगटावरील घड्याळाइतके सोयीचे पांघरूण दुसरे नाही. हल्ली वेळ पाहावयास खिशातला मोबाइल पुरतो, आणि तो कोणत्याही चावीच्या घड्याळाहून अधिक अचूक असतो. असे असूनही पन्नास-पाऊणशे वर्षांपूर्वी खेळाडूंसाठी म्हणून केलेली जुनी घड्याळे मिळविण्याकरिता शहाणीसुरती माणसे लाखो रुपये मोजतात. या वेडास हसणे सोपे आहे. त्याचे मूळ कशात आहे हे पाहणे अधिक मनोरंजक आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मनगटी घड्याळ हे बायकी लेणे समजले जाई. पुरुषाचे घड्याळ साखळीस अडकवून खिशात ठेवावयाचे, असा शिष्टसंमत प्रघात होता. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकातील शिपायास खिशात हात घालण्याइतकीही सवड राहिली नाही, तेव्हा ते मनगटावर आले आणि तेथेच राहिले. युद्ध संपल्यावर शिपायाची जागा खेळाडूने घेतली. पण आता घड्याळाला धक्के, घाम आणि पाणी सोसणे प्राप्त झाले. आणि त्याची काच तर फारच नाजूक!

या अडचणीतून जे एक विलक्षण घड्याळ जन्मास आले, त्याचा संबंध आपल्या देशाशी आहे. हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांस पोलोचा मोठा नाद. घोडे भरधाव धावताहेत, काठ्या फिरताहेत, आणि तडाखा बसून मनगटावरील काच फुटते आहे, हा नित्याचा प्रकार होता. १९३०-३१ च्या हिवाळ्यात सेझार द त्रे नावाचे घड्याळांचे व्यापारी इकडे आले असता ही तक्रार त्यांच्या कानी घालण्यात आली, असे सांगतात. त्यांनी ती स्वित्झर्लंडातील लकूल्त्र यांच्या कारखान्याकडे नेली. आणि ४ मार्च १९३१ रोजी रने-आल्फ्रेड शोव्हो या फ्रेंच रचनाकाराच्या नावे पॅरिस येथे पेटंटाचा अर्ज दाखल झाला. घड्याळाची पेटी आपल्या चौकटीत सरकते, पूर्ण उलटते आणि पुन्हा जागच्या जागी बसते. तबकडी आत जाते व धातूची पाठ बाहेर येते. यासच ‘रिव्हर्सो’ हे नाव मिळाले.

‘पाठ दाखविणे’ हे आपल्या भाषेत भ्याडपणाचे लक्षण होय. या घड्याळाने मात्र पाठ दाखवूनच आपला बचाव केला आणि कीर्तीही मिळविली! पुढे लोक त्या मोकळ्या पाठीवर आद्याक्षरे कोरवून घेऊ लागले, चिन्हे काढवू लागले. १९३६ सालच्या अशा एका घड्याळाच्या पाठीवर तर मीनाकामात एका हिंदी राजस्त्रीचे चित्र आहे.

१९३६ हे साल आम्हां फैजपूरकरांच्या कानास वेगळ्याच कारणाने ओळखीचे आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन आमच्या गावी भरले. काँग्रेस खेड्यात भरण्याचा तो पहिलाच प्रसंग. नंदलाल बसू यांनी बांबूसारख्या साध्या गावठी सामानातून नगर शृंगारले होते आणि अध्यक्षांचा रथ सहा बैलजोड्यांनी ओढला होता. गांधीजी अर्थातच उपस्थित होते, आणि त्यांच्या कमरेस लटकणारे घड्याळ साऱ्या देशास ठाऊक होते. एकाच वर्षी एक घड्याळ राजविलासाचे चित्र पाठीवर घेऊन मिरवीत होते, आणि दुसरे पंचाच्या कमरेस राहून चाकरी करीत होते. आमच्या गावच्या जुन्या माणसांनी आदर्श मानला तो दुसऱ्याचा, यात नवल नाही. परंतु मन पहिल्याकडेही ओढ घेई, हेही तितकेच खरे.

ती ओढ पुरी करणारे घड्याळ खानदेशात आले ते मुंबईहून. फाव्र-ल्यूबा हे १७३७ पासूनचे जुने स्विस घराणे. १८६५ पासून त्याचा मुंबईशी व्यापारी संबंध. १९६२ साली या घराण्याने गिर्यारोहकांसाठी उंची व हवेचा दाब दर्शविणारे ‘बिव्हॉक’ हे मनगटी घड्याळ काढले, आणि १९६८ साली पाणबुड्यांस खोली सांगणारे ‘बॅथी’. आमच्याकडे ही अपूर्वाईची घड्याळे कोण घेणार? आमच्याकडे आली ती त्यांची साधी भावंडे: सी-चीफ, सी-किंग. केळीच्या बागांत राहून तापीपलीकडचे पाणी क्वचितच पाहिलेल्या गृहस्थाच्या मनगटावर ‘समुद्राचा राजा’ विराजमान व्हावा, हा विनोद आमच्या लहानपणी कोणाच्याच ध्यानी आला नाही.

असेच एक सी-किंग आमच्या शेजारच्या आप्पांकडे होते. केळीने एका वर्षी बरे पैसे दिले, तेव्हा त्यांनी ते मुंबईस जाऊन घेतले. आप्पा तरुणपणी कुस्ती खेळत, आणि पुढे पंचक्रोशीतील दंगलींत पंच म्हणून उभे राहत. जोड लागली की ते घड्याळ मनगटावरून काढून डाव्या तळहातात धरीत. कुस्ती निकाली होते की बरोबरीत सोडवावी लागते, याचा निर्णय त्या सेकंदकाट्याशी बांधलेला असे. पोलोच्या मैदानावर घड्याळाने पाठ फिरवावयाची. येथे मल्लाची पाठ मातीला लागते का, हे घड्याळाने पाहत राहावयाचे. वर्षानुवर्षांच्या त्या पंचगिरीत आखाड्याची तांबडी माती काचेच्या कडेखाली बारीक रेषेसारखी जाऊन बसली.

आप्पा वारले, आणि वाटणीचा प्रसंग आला. जमीन, विहीर, घर यांची वाटणी तिघा भावांत फारशी कुरकुर न होता झाली. घड्याळापाशी गाडे अडले. थोरल्याचे म्हणणे, ते विकावे आणि पैसे वाटून घ्यावेत. मुंबईच्या एका हौशी गृहस्थाने तबकडी मूळची असल्यामुळे चांगली किंमत देऊ केली होती. मधल्यास ते मुलाच्या लग्नात द्यावयाचे होते, आणि त्यासाठी तबकडी नव्याने रंगवून पेटी चकचकीत करावयाची होती. धाकटा काहीच बोलेना. “गुरुजी, तुम्हीच काय ते सांगा,” असे म्हणून त्यांनी ते आमच्या हाती ठेवले.

आम्ही घड्याळजी नव्हे. परंतु अशा यंत्राची रीत थोडीफार जाणतो. चावी दिली की कमान गुंडाळली जाते. ती उलगडताना चक्रांस गती देते. आणि तोलचक्र त्या गतीस मोजूनमापून वाट देते. त्या काळच्या पुष्कळ घड्याळांत तासाला अठरा हजार, म्हणजे दिवसाला चार लक्ष बत्तीस हजार ठोके पडतात. एवढे श्रम घेणारे यंत्र रोज कोणीतरी आठवण ठेवून चावी दिल्यावाचून दुसरा दिवस पाहत नाही. म्हणून आम्ही एवढेच विचारले, “आप्पा दोन वर्षे अंथरुणावर होते, तेव्हा याला चावी कोण देत होते?” तिघेही भाऊ बहिणीकडे पाहू लागले. ताई भिंतीशी बसली होती. वाटणीच्या कागदावर तिने हक्कसोडीची सही आधीच करून दिली होती.

घड्याळ ताईस द्यावे, रंगवू नये, फक्त तेलपाणी करावे, असे आम्ही सांगितले. धाकट्याने मान हलविली, मधला गप्प राहिला. थोरला मात्र उठून गेला, आणि पुढे कित्येक महिने रस्त्यात भेटला तर आमचा नमस्कार घेईना. त्याच्या दृष्टीने आम्ही चांगल्या पैशांचे नुकसान केले होते, आणि हिशेब पाहता त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

बाजार या वस्तूंची किंमत कशी ठरवितो, हे पाहण्यासारखे आहे. २००९ साली न्यूयॉर्क येथे गांधीजींचे झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला आणि ताट-वाटी यांचा लिलाव अठरा लक्ष डॉलरांस गेला. तेथे घड्याळाचे यंत्र कोणी विकत घेतले नाही. ते ज्या हातात होते त्या हाताचे मोल झाले. १९६९ च्या डिसेंबरात जपानात स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आले, आणि अचूकपणाच्या बाबतीत चावीचे घड्याळ कायमचे हरले. रिव्हर्सोही तेव्हा मरणपंथास लागले होते. कारखान्यात उरलेल्या सुमारे दोनशे पेट्या एका इटालियन व्यापाऱ्याने १९७२ च्या सुमारास उचलल्या, त्या हातोहात खपल्या, आणि ते पुन्हा जगले. उपयोगाची गरज संपल्यावरच लोकांस त्यांच्यावरचे ओरखडे मोलाचे वाटू लागले.

या मोहात वाईट काही आहे असे आम्हांस वाटत नाही. दुसऱ्याने केलेल्या धाडसाची खूण आपल्या मनगटावर वागविण्यात एक निरुपद्रवी आनंद आहे. मात्र जो ते विकत घेतो, त्याने ती खूण पुसून, रंगवून नवी करू नये. नाहीतर त्याने दिलेले पैसे नेमके कशाचे, हे त्यालाच सांगता येणार नाही. आणि ज्याच्या घरात असे एखादे घड्याळ अनायासे आहे, त्याने मुंबईचा भाव विचारण्यापूर्वी घरातल्या घरात एक चौकशी करावी. पोलो खेळणाऱ्यांची, मल्लांची आणि पंचांची नावे लोकांच्या लक्षात राहतात. रोज सकाळी चावी देणाराचे नाव बहुधा कोणी विचारीत नाही.