सुटकेनंतरचा दुसरा दिवस

फोर्टात काही काम निघाले आणि ओव्हल मैदानाच्या कडेने जाणे झाले, की राजाबाई टॉवर समोर येतो. आम्हा उपनगरांतल्या माणसांचा त्याच्याशी संबंध घड्याळापुरताच. घरची गाडी मिळेल की नाही, एवढे त्याच्याकडून समजले की आम्ही त्याचा निरोप घेतो. हा मनोरा मुंबईला मिळाला तो प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याच्या देणगीतून. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. नाव मात्र त्यांनी आपले दिले नाही, आईचे दिले. काम पुरे झाले ते १८७८ मध्ये. पण ज्या तेजीने या शेठजींचे नाव साऱ्या मुंबईच्या तोंडी झाले, ती तेजी आली होती सातासमुद्रांपलीकडच्या एका भाऊबंदकीतून.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १८६० च्या सुमारास जवळजवळ चाळीस लाख माणसे गुलाम होती. त्यांची खरेदी-विक्री होई, आईपासून मूल तोडून विकले जाई आणि त्यांच्या घामावर पिकलेला कापूस विलायतेत लँकेशायरच्या गिरण्यांना जाई. माणसाने माणसाचा मालक असावे की नाही, या प्रश्नावर ते राष्ट्र दुभंगले. अब्राहम लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर एकामागून एक अकरा राज्यांनी वेगळी चूल मांडली आणि एप्रिल १८६१ पासून चार वर्षे एकाच देशातली माणसे एकमेकांच्या उरावर बसली. सहा लाखांहून अधिक सैनिक गेले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, गिरण्यांना कापूस मिळेना, आणि साऱ्यांच्या नजरा मुंबईकडे वळल्या.

मी मुलुंडला राहते. आमच्या गच्चीवरून दिसणारा लोहमार्ग १८५३ सालचा, प्रवासी गाड्यांचा देशातला पहिला. वऱ्हाड-खानदेशाकडच्या कापसाच्या गाठी घाटाखाली आल्या की याच रुळांवरून मुंबईकडे धावत. भाव असा चढला की लोकांनी घरातल्या गाद्या उसवून आतला कापूस विकला, अशी आठवण त्या काळच्या मुंबईबद्दल अजून सांगतात. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, पेढ्या निघाल्या. आणि ज्याला शेअर म्हणजे काय हे ठाऊक नाही, तोही शेअर घेऊ लागला.

मग १८६५ च्या एप्रिलात दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. चाळीस लाख माणसांच्या बेड्या तुटल्या, आणि मुंबईत हाहाकार उडाला! वायद्याचे पैसे चुकते करण्याचा दिवस होता १ जुलै. त्या दिवशी मोठमोठ्या पेढ्यांची दिवाळी झाली नाही, दिवाळे निघाले. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसे होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. त्या व्यापाऱ्यांना आज नावे ठेवण्यात काय हशील आहे? ते कापसाचा भाव वाचत होते. त्या कापसामागे उभा असलेला माणूस भावाच्या तक्त्यात छापलेला नव्हता, इतकेच.

तो माणूस आपल्याकडे ज्यांना दिसला, ते पुण्यात होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी स्वतःला झोकून दिले. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा आणि इथल्या शूद्रादिकांना दास्यातून सोडवावे, ही त्यामागची आस. मुंबईने त्या युद्धातून पैसा घेतला. जोतीरावांनी त्यातून प्रश्न घेतला.

हे सारे मी नववीच्या वर्गाला सांगत होते. शाळा आटोपशीर, मुले बहुतेक कष्टकऱ्यांची. धडा संपवून मी फळा पुसायला वळले, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

“बाई, सुटल्यावर दुसऱ्या दिवशी ते जेवले कुठे?”

वर्ग हसला. ती मात्र हसली नाही. तिची माणसे शहापूर तालुक्यातली. वडील मुलुंडला बांधकामावर. त्यांच्या आधीची पिढी दर वर्षी दिवाळी आटोपली की भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची.

मी तिला खरे ते सांगितले. सुटलेल्यांना चाळीस-चाळीस एकर जमीन देण्याचा एक हुकूम लढाईच्या अखेरीस निघाला होता; पण त्याच वर्षी नव्या अध्यक्षांनी ती जमीन बहुतांशी जुन्या मालकांच्या पदरात परत टाकली. पोटासाठी पुष्कळजण पुन्हा कापसाच्या शेतातच उभे राहिले. आता बी, अवजारे, पीठमीठ उधार मिळे. पीक आले की मालक आपला वाटा घेई, दुकानदार उधारी कापून घेई, आणि वर्षाच्या शेवटी मजुराच्या नावावर बाकी निघे. बाकी फिटेपर्यंत शेत सोडता येत नसे. मताचा हक्क १८७० मध्ये कागदावर आला. तो खरोखर बजावता यावा म्हणून कडक कायदा व्हायला १९६५ साल उजाडले.

“म्हणजे उचल,” ती म्हणाली, आणि खाली बसली.

पुस्तकात एवढा नेमका शब्द मला सापडला नव्हता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेला पैसा म्हणजे उचल. ती फिटेपर्यंत भट्टी सोडायची नाही. तिने एका शब्दात मिसिसिपी आणि भिवंडी शेजारी आणून ठेवली.

त्यानंतर मी आपल्याकडचा इतिहास त्या शब्दाच्या उजेडात पुन्हा चाळला. कापसाची तेजी होती तेव्हा शेतकऱ्याला कर्ज देण्यासाठी सावकारांचे हात सैल सुटले होते. भाव कोसळल्यावर तेच हात आखडले. त्यात सरकारने शेतसारा वाढवलेला. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच घडले. त्यांचा मुख्य रोख असे तो कर्जरोख्यांवर. रोखा हाती आला, की त्याची होळी! ज्या कागदाने आपल्याला बांधले आहे तो कोणता, हे निरक्षर माणसालाही बरोबर कळत होते. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारला कायदा करावा लागला.

आणि आमच्या लोकलच्या वाटेवरच टिटवाळा आहे. गणपतीला आपण तिथे हौसेने जातो. जानेवारी १९४५ मध्ये तिथे किसान सभेची परिषद भरली होती आणि उंबरगावकडचे काही वारली तिला आले होते. त्यांच्याकडे ‘लग्नगडी’ म्हणून चाल होती. लग्नासाठी सावकाराचे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या घरी राबायचे. ते बहुधा फिटतच नसत. लग्न म्हणजे सुखाची सुरुवात. इथे ती दास्याची सुरुवात होती. वारल्यांनी ती वेठ मोडली ती स्वतः उभे राहून. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० मध्ये आलेल्या पुस्तकात ती हकिकत लिहिली आहे. वेठबिगारी बंद करणारा देशाचा कायदा झाला तो १९७६ मध्ये. कायदा झाला म्हणून उचल थांबली नाही. आजही दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबे ती घेऊन पोराबाळांसकट भट्ट्यांवर जातात, आणि शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलांच्या नावापुढे गैरहजेरी लागत राहते.

हे इतके दूरचे वाटत असेल, तर घरातली गोष्ट सांगते. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी यंदा नवरात्राच्या सुमारास बारा हजार रुपये मागितले. मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. आमच्या इमारतीतल्या एका काकूंच्या कानावर हे गेले. बाई मोठ्या मायाळू, चकल्यांची पहिली ताटली आमच्याकडे पाठवणाऱ्या. त्या म्हणाल्या, “देऊन टाका हो. उचल अंगावर असली की बाई मे महिन्यापर्यंत हलत नाही. मी नेहमी तेच करते.”

त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. सुप्याचा सावकार तरी आणखी काय म्हणत असेल? माझ्या मनात आले, आपल्यालाही मावशी हव्याच आहेत. सकाळची शाळा, रात्रीचे लिहिणे आणि मध्ये हा संसार. त्या गेल्या तर माझे कसे व्हायचे? काकूंचा सल्ला सोयीचा होता, यात शंका नाही.

पैसे मोजताना सासूबाई जवळच वाती वळत बसल्या होत्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमागे रक्कम आणि तारीख लिहिली. त्या म्हणाल्या, “लिहून ठेव, हिशेब असावा. ती फेडील सावकाश. पण उद्या तिला दुसरीकडे बरं काम मिळालं, तर या पैशावरून अडवायचं नाही हं. पैसा पैशाच्या जागी, माणूस माणसाच्या जागी. दोहोंची गाठ मारू नये. आणि दिवाळीची पोस्त यात वळती करू नकोस. पोस्त वेगळी.”

मी ते तसेच मावशींना सांगितले. त्या जरा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, हे आधीच सांगितलंत ते बरं झालं. नाहीतर मुलीचा पहिला पगार येईपर्यंत मी कुठे हललेच नसते.”

मावशी पुढल्या वर्षी आमच्याकडे असतील की नसतील, मला सांगता येणार नाही. त्यांची मुलगी नर्स होईल, तेव्हा बहुधा नसतील. त्या दिवशी भांडी मलाच घासावी लागतील. ती मी घाशीन.