लोखंड न लागलेला दगड

१/ बायबलमधील निर्गमाच्या २०व्या अध्यायात वेदीविषयीची आज्ञा साधी आहे. वेदी मातीची करावी. दगडाची केलीच, तर दगड घडलेले नसावेत. हत्यार लागले की ते भ्रष्ट होतात. वेदीला पायऱ्याही नकोत. चढणाऱ्याची नग्नता उघडी पडू नये.

२/ सातच अध्यायांनंतर वेदी बाभळीच्या लाकडाची होते: ५ हात लांब, ५ हात रुंद, ३ हात उंच, चार कोपऱ्यांना शिंगे, वर पितळेचे आच्छादन. पुढे यहेज्केलाच्या दर्शनातील वेदीला तर पूर्वेकडे पायऱ्याच आहेत.

३/ मग खरी आज्ञा कोणती? ११व्या शतकातील भाष्यकार राशी याने मेळ घातला: लाकडी वेदी आतून पोकळ, मुक्कामाच्या ठिकाणी तिच्यात माती भरायची, म्हणजे ती मातीचीच. आधुनिक अभ्यासक बहुधा निराळे उत्तर देतात. एक विधान गावोगावच्या वेद्यांचे, दुसरे पुरोहितांच्या एकमेव पवित्रस्थानाचे. परंपरा दोन, ग्रंथ एक.

४/ जमिनीखालीही हाच पेच सापडला. अराद येथील वेदी माती आणि ओबडधोबड दगडांची आहे. बैर-शेबा येथे १९७३ साली मिळालेले शिंगांच्या वेदीचे दगड मात्र नीट तासलेले आहेत. ती वेदी कोणीतरी मोडली होती आणि तिचे दगड कोठाराच्या भिंतीत बसवले होते.

५/ लोखंडाला एवढा विरोध का? मिश्ना हा ग्रंथ कारण देतो: लोखंड माणसाचे आयुष्य तोडण्यासाठी, वेदी ते वाढवण्यासाठी, तोडणाऱ्याने वाढवणाऱ्यावर हात उगारू नये.

६/ या आज्ञेची कसोटी ख्रिस्तपूर्व १६४ मध्ये लागली. अंतियोखस चौथा याच्या राजवटीत यरुशलेमची वेदी भ्रष्ट झाली होती. यहूदा मक्काबीच्या लोकांनी ती उतरवली आणि नियमाप्रमाणे अखंड दगडांची नवी वेदी रचली. पण जुन्या दगडांचे काय करावे? ते वापरता येत नव्हते आणि टाकवतही नव्हते. अखेर, एखादा संदेष्टा येऊन निर्णय देईपर्यंत ते मंदिराच्या टेकडीवर जपून ठेवण्यात आले.

७/ ग्रंथ सिद्ध करणाऱ्यांनीही परस्परविरोधी आज्ञांचे असेच केले असावे. एकही पुसली नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या आणि निवाडा पुढच्या पिढ्यांवर सोपवला.