लाव्हाच्या पूर्व कडेवर एक दिवस

दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची कड नागपूर शहरातून जाते. शहराच्या पश्चिम भागाखाली काळा बसाल्ट आहे, पूर्व भागाखाली त्याहून कितीतरी जुना नाइस नावाचा खडक. एका दिवसाच्या पायपिटीत ही कड गाठता येते: सेमिनरी हिल्सवरून निघावे, फुटाळा तलावाकडे उतरावे आणि सीताबर्डीच्या किल्ल्यावर चढावे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. लोकांसाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीनच दिवशी उघडतो. नागपूरचा मे महिना चालण्याचा नव्हे, आणि ऑगस्टमध्ये गवताखाली दगड दिसत नाही. म्हणून प्रस्तुत लेखकाने ही चाल एका २६ जानेवारीला केली.

ज्वालामुखी म्हटले की शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या माथ्यावरचे विवर आठवते. सेमिनरी हिल्सवर तसे काहीच नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला आणि पुरासारखा पसरला. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकीची भेग अशीच आठ महिने वाहत होती. दख्खनच्या मानाने तो ओहोळ म्हणावा लागेल. आज उरलेला दख्खनचा बसाल्टच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे.

सकाळच्या गारठ्यात, तर्री-पोहे खाऊन टेकडी चढायला लागले की रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत पहिला धडा मिळतो. दगडाचे गोळे कांद्यासारखे सोलले गेलेले असतात. तडे पडलेल्या बसाल्टमध्ये पाणी शिरते, कोपरे आधी झिजतात, आणि पापुद्रे सुटत सुटत आत टणक गाभा उरतो. सुटलेल्या पापुद्र्यांचा मुरूम होतो, मुरमाची पुढे काळी माती. काही दगडांत बारीक पोकळ्या दिसतात. थंड होणाऱ्या लाव्हातले वायूचे बुडबुडे तिथे अडकले आणि नंतर त्यांत पांढरी खनिजे भरली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय याच टेकडीवर आहे, ही गोष्ट वाटेत फार समाधान देते.

टेकडीच्या उत्तरेला, काटोल रस्त्याकडे, टाकळी आहे. आज तिथे वस्ती आहे. पण भारतीय भूविज्ञानात या गावाचे नाव कायमचे राहिले आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह या परिसरातले जीवाश्म धुंडाळले आणि १८५५ मध्ये दोघांचा नागपूरच्या भूविज्ञानावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गाळाचा पातळ थर होता. त्यात फायसा नावाच्या गोगलगायींचे शंख, माशांचे अवशेष, फळे, बिया सापडल्या. फायसाचा शंख ओळखणे सोपे आहे: टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले तर उघडी बाजू डाव्या हाताला येते, बहुतेक शंखांत ती उजवीकडे असते.

या पातळ थराचे मोल सर्वांत जास्त मानावे लागेल. लाव्हा एकदा येऊन थांबला, थंड झाला, त्याच्या खोलगट भागांत तळी साचली, तळ्यांत गोगलगायी वाढल्या, काठावर झाडे आली; मग पुन्हा लाव्हा आला. महाबळेश्वरजवळ बसाल्टचे थर किलोमीटरभराहून जाड आहेत. नागपूरला कड असल्यामुळे ते विरळ आहेत, आणि म्हणूनच इथे ही गोष्ट पायी वाचता येते.

फुटाळ्याच्या काठी शिदोरी सोडावी, भर दुपारी सीताबर्डी गाठावी. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली ती याच टेकडीवर. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी तिचा उभा छेद नोंदवून ठेवला आहे. तळाशी नाइस, त्यावर लामेटा नावाचे जुने गाळाचे थर, वर बसाल्ट, मध्ये गोड्या पाण्याचा तोच गाळ, आणि माथ्यावर पुन्हा बसाल्ट. पायथ्यापासून जवळच झीरो माइलचा खांब आहे, तो मात्र वालुकाश्माचा.

किल्ल्यावरून दोन्ही दिशा पाहाव्यात. पश्चिमेकडे वर्धा-यवतमाळची काळी माती आणि तिच्यावरचा कापूस. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाची धानाची खाचरे. पावसाचा फरक त्यामागे आहेच, पण खालच्या खडकाचाही आहे. टेकडी उतरून रेल्वे स्टेशनकडे वळले की काही मिनिटांत लाव्हाची हद्द संपते.