अंगण कोणाच्या नावावर

चार्ल्स कोरिया मुंबईत वारले ते १६ जून २०१५ ला. मृग अर्धा सरला होता आणि आमच्या बीबीत लोक बी-बियाणं घरात आणून आभाळाकडे बघत होते. मेहकरहून जालन्याकडे निघालं की सुलतानपूरच्या पुढे, दुसरबीडच्या अलीकडे आमचं गाव लागतं. तालुका लोणार. इथे घर बांधायचं ते गवंड्याने आणि मालकाने मिळून. नकाशा लागलाच तर बँकेच्या कर्जापुरता. अशा गावच्या माणसाला एका आर्किटेक्टच्या जाण्याने चुटपुट लागावी हे जरा चमत्कारिक वाटेल. मी त्यांना कधी भेटलोही नाही. पण मी त्यांच्या अंगणात राहिलो आहे.

बेलापूरच्या सेक्टर आठमध्ये आर्टिस्ट व्हिलेज नावाची वसाहत आहे. सिडकोने ती ऐंशीच्या दशकात बांधली, आराखडा कोरियांचा. नोकरी लागल्यावर तिथल्या एका घराची मागची खोली मला भाड्याने मिळाली. दार उघडून बाहेर आलो तर समोर रस्ता नव्हता, चौक होता. सात घरं आणि मध्ये सुमारे आठ बाय आठ मीटरची मोकळी जागा. अशी तीन बेटं एकत्र आली की एकवीस घरांचा त्याहून मोठा चौक, बारा बाय बाराचा. तशा चौकांचा पुन्हा आणखी मोठा. असं वाढत वाढत ते सगळं वसाहतीच्या मधून जाणाऱ्या ओढ्याकाठच्या मैदानाला मिळतं. प्लॉट साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे. म्हणजे सगळ्यात धाकट्यात आणि सगळ्यात थोरल्यात दुपटीचाही फरक नाही. सरकारी वसाहतीत असा हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आणि भिंत कोणाचीच कोणाला लागून नाही. संडास तेवढे जोडीने पाठीला पाठ, पाइपाचा खर्च वाचावा म्हणून. शेजाऱ्याच्या बाजूला खिडकी नाही. यामागचं गणित मला घरमालकीणबाईंनी सांगितलं, भांडी विसळता विसळता. त्यांना वर खोली चढवायची होती आणि शेजाऱ्याला विचारायची गरज पडली नव्हती. आपली भिंत आपल्या हद्दीत, मग पाडा नाहीतर चढवा.

आता तिथे मूळची उतरत्या कौलांची घरं शोधावी लागतात. तीन-तीन मजले चढले, भिंतींना टाइल्स लागल्या. आर्किटेक्चरची पोरं कॅमेरे घेऊन येतात आणि हळहळतात. मला त्या हळहळीत फारसा अर्थ दिसत नाही. घरं बदलणार हे धरूनच तर त्या माणसाने भिंती सुट्या ठेवल्या होत्या. चौकात आता गाड्या उभ्या असतात, ते मात्र डोळ्यांत खुपतं.

त्या चौकाने मला इतकं धरून का ठेवलं, त्याचं मूळ बीबीतच आहे. आमची आणि चुलत्यांची मिळून चार घरं एका अंगणाभोवती होती. धाब्याची घरं. पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती पसरायची, नाही तर पहिल्याच सरीला घर गळायला लागे. अंगणात उन्हाळ्यात कुरड्या-पापड, सुगीत तुरीचा ढीग, लग्नात मांडव. उकाड्यात पुरुष धाब्यावर आणि बायका-पोरं अंगणात झोपायची. माझी आजी एकदा मामांकडे औरंगाबादला गेली आणि चौथ्या दिवशी परत आली. म्हणाली, "वर आभाळ नाही तं झोप कशी येईन?"

ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर चारही घरं ज्याच्या त्याच्या नावे होती. अंगण कोणाच्याच नावे नव्हतं. वाटण्या झाल्या तेव्हा ते सगळ्यांच्याच लक्षात आलं. टेप लागला. मोठे काका टेपाचं एक टोक धरून उभे होते, दुसरं वडिलांच्या हातात. दोघेही एकमेकांकडे न बघता आकडे मोठ्याने सांगत होते. पुढच्या दिवाळीला गेलो तर विटांची भिंत होती आणि तुळशीवृंदावन एका बाजूला गेलं होतं. अंगणाच्या चार चिरफळ्या झाल्या आणि त्यांतल्या एकीतही बाज नीट मावेना.

कोरियांनी, मला वाटतं, हे टेप लागण्याच्या आधीच केलं. जी जागा कोणाचीच नाही तिला नकाशात माप दिलं. आमच्या अंगणाला माप नव्हतं, म्हणून ते गेलं.

त्यांचा जन्म १९३० चा, सिकंदराबादचा, घराणं गोव्याचं. अमेरिकेत शिकून आले आणि १९५८ पासून मुंबईत स्वतःचं काम. साबरमतीचं गांधी संग्रहालय, पणजीची कला अकादमी, पुण्यातलं आयुका, पेडर रोडचा कंचनजंगा टॉवर ही कामं सगळ्यांना ठाऊक असतात. पुरस्कारांची यादी इथे देत नाही. मला ते आठवतात ते कोणी मागितलेलं नसताना शहराचा विचार करून बसलेले गृहस्थ म्हणून. १९६५ मध्ये मुल्कराज आनंद संपादक असलेल्या 'मार्ग'मध्ये त्यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर मांडलं, की मुंबई उत्तरेला लांबत चालली आहे, तिला खाडीपलीकडे वळवा. पाच वर्षांत सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य आर्किटेक्ट झाले. सरकार स्वतः खाडी ओलांडून येईल, मग बाकीचे येतील, हा त्या योजनेचा कणा. सरकार आलंच नाही. नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून इमारती उठत राहिल्या.

या योजनेची दुसरी बाजू शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला विसरता येत नाही. ३४४ चौरस किलोमीटरचं शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभं राहणार होतं. शेतीच्या भावाने घ्यायची, विकसित करून विकायची आणि त्याच पैशातून शहर बांधायचं. कागदावर सुरेख. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्यांना परत देण्याचं सूत्र निघालं. कोरिया तेव्हा सिडकोत नव्हते, गोळीबार त्यांच्या खाती घालता येणार नाही. पण चौक आखणाऱ्याच्या नकाशात ज्याचं खाचर होतं त्याला आधी विचारलं गेलं नव्हतं, हेही खरं. दोन्ही गोष्टी मी बरोबर बाळगतो.

१९९६ मध्ये गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं हे ठरवायला राज्य सरकारने कोरियांचीच समिती नेमली. त्यांचं म्हणणं साधं होतं: गिरणी सुटी सुटी बघू नका, जमिनी एकत्र धरून आखणी करा, म्हणजे गिरणगावाला सलग मैदानं आणि घरं मिळतील. पुढे २००१ मध्ये गिरण्यांच्या जमिनी वाटण्याचा नियम बदलला आणि वाटणीला फक्त रिकामी जमीन उरली. आता लोअर परळला गेलं की मॉल दिसतात. मला तिथे आमच्या अंगणातला टेप दिसतो.

मला त्यांचं सगळ्यात आवडतं काम मात्र कधी झालंच नाही. साठच्या दशकाच्या शेवटी त्यांनी फोर्टमधल्या दादाभाई नौरोजी रोडसाठी एक फुटपाथ सुचवला होता. कडेने साधारण दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच ओटा, ठरावीक अंतरावर नळ. दिवसा ओट्यावर फेरीवाले बसतील, पादचाऱ्यांची वाट मोकळी राहील. संध्याकाळी ओटा धुवायचा आणि रात्री फुटपाथवर झोपणाऱ्यांनी त्यावर पथाऱ्या टाकायच्या. शहर सुंदर करायला निघालेले लोक आधी या दोघांना हाकलतात. यांनी दोघांना एकाच ओट्यावर पाळीपाळीने जागा दिली. खर्च तरी काय, दगड आणि पाणी.

'मार्ग'मधल्या तिघांतले शेवटचे, शिरीष पटेल, २०२४ च्या डिसेंबरात गेले.

बीबीलाही आता शेतात लेआउट पडतात. समृद्धी महामार्ग जवळून गेला तसे भाव चढले. नियमाप्रमाणे प्रत्येक लेआउटच्या नकाशात हिरव्या रंगाची ओपन स्पेस असते. परवा माझ्या धाकट्या भावाने प्लॉट बघायला नेलं. मी त्या हिरव्या चौकोनाजवळ रेंगाळलो तसा दलाल खुश झाला. म्हणाला, "भाऊ, ओपन स्पेसला लागूनच घ्या. कंपाउंड थोडं पुढं सरकवलं तरी कोणी विचारत नाही."

भावाने लगेच भाव विचारला.