मी भाकरी खाल्लो

मामांना पक्षाघात झाला त्याच आठवड्यात माझ्या प्रबंधाच्या प्रयोगाची 120 वाक्यं पक्की झाली होती. निम्मी बरोबर, निम्मी मुद्दाम चुकवलेली. ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी भाकरी खाल्लो’. चुकलेल्या क्रियापदानंतर साधारण 600 मिलिसेकंदांनी मेंदूची लहर उठते. इलेक्ट्रोडची टोपी, जेल, पापण्यांची लवलव हे सगळं सोसायचं ते त्या उठावासाठी.

माझं घोडं अडलं ‘मी’पाशी. हिंदीत ‘मैंने’ ऐकताच पुढच्या क्रियापदाची चाहूल लागते. मराठीत ‘त्याने’ला ‘ने’ आहे, ‘मी’ कोराच. त्यातून ‘मी चहा प्यायलो’ चालतं, ‘मी भाकरी खाल्लो’ चालत नाही. इंग्रजी प्रयोगांची वाक्यं जशीच्या तशी मराठीत उतरवून निबंध छापणाऱ्यांना ही डोकेदुखी नसते. एमआरआयवाल्यांची रंगीत चित्रं बघून तर माझा जळफळाट होतो.

मरोळ एमआयडीसीत कामाला असलेला लातूरकडचा एक मुलगा प्रयोगाला आला. त्याची लहर ढिम्म. केसांना तेल असेल म्हणून मी दोनदा टोपी काढून डोकं पुसलं, पुन्हा जेल भरलं. शेवटी कंटाळून विचारलं, चहा घेणार का?

“आत्ताच घेतलो की, सर.”

लातूरकडे ‘मी काम केलो’ सर्रास बोलतात. हे मी वाचलेलं होतं. तरी तासभर दोष त्याच्या डोक्यात शोधत होतो! त्याची नोंद ‘यंत्राचा बिघाड’ म्हणून बाजूला काढायचा मोहही झाला.

मामा रत्नागिरीचे. पक्षाघातानंतरही एक ते दहा घडाघडा म्हणतात, पण ‘मी... चहा...’ इथे गाडं थांबतं. व्याकरण जिभेवरून गेलेल्या रुग्णांनाही ऐकलेल्या वाक्यातली चूक कळते, हे लाइनबार्गर, श्वार्ट्झ आणि सॅफ्रन या संशोधकांनी 1983 मध्ये दाखवलं. माझ्या प्रबंधात त्याला दीड ओळ आहे.

परवा मामी औषध आणायला गेली तेव्हा खाटेशी बसून मी हळूच म्हटलं, “मामा, मी भाकरी खाल्लो.”

त्यांनी डावा हात गादीवर आपटला. कपाळाला आठ्या. “खा... खा...” पुढची ‘ल्ली’ काही येईना. डोळे पाणावले.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की टोपी आणायला हवी होती.