ब्लॉकचेनसाहेबांस अनावृत पत्र

रा. रा. ब्लॉकचेनसाहेब यांसी,
स. न. वि. वि.

पत्र उघडं लिहितोय, कारण तुमच्या वहीत झाकून काही ठेवता येत नाही म्हणे. एकदा नोंद झाली की जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर तिची प्रत जाते आणि खाडाखोड करायची सोय राहत नाही. २००८ साली सातोशी नाकामोटो या टोपणनावाने जो कुणी बिटकॉइनवर नऊ पानांचा निबंध लिहून गेला, त्याचं म्हणणं एवढंच होतं की मधला माणूस नको, बँक नको, कुणावर विश्वास टाकायची पाळीच नको. सगळं गणित बघून घेईल. त्या गणिताबद्दल माझी तक्रार नाही. ते चोख आहे. तक्रार आहे ती तुमच्या गोतावळ्याबद्दल.

आमच्याकडे तुम्ही गणिताच्या जोरावर आलाच नाहीत. पुण्यात तुमचं स्थळ घेऊन येणारा कुणाचा तरी साडू असायचा, नाहीतर ऑफिसातला जुना सहकारी. ‘आपल्यातलाच आहे, फसवेल कशाला?’ हे वाक्य ठरलेलं. विश्वासाची गरज नसलेली वस्तू खपवायला एवढा विश्वास खर्ची पडलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

‘गेनबिटकॉइन’ आठवतं का? अमित भारद्वाज यांची ही योजना. तुमचे बिटकॉइन आमच्याकडे द्या, आम्ही मायनिंग करू आणि १८ महिने दरमहा १० टक्के देऊ, तेही बिटकॉइनमध्येच. म्हणजे एकाचे दीड वर्षात १.८. शिवाय खाली माणसं जोडलीत तर कमिशन वेगळं. आता गंमत पाहा. मायनिंग म्हणजे मशिनने कोडं सोडवून बिटकॉइन कमावणं. बिटकॉइनचं कोडं दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, नव्याने जुळवलं जातं. मशिनं वाढली की कोडं अवघड होतं, आणि मशिनं तर वाढतच होती. त्यामुळे आज जे मशीन जेवढं कमावतं, तेवढं ते चार महिन्यांनी कमावेलच याची हमी खुद्द तुम्हीही देत नाही. दरमहा ठरलेले १० टक्के देणारं मायनिंग तुमच्या स्वतःच्या नियमांतच बसत नाही. तुम्हाला खरोखर ओळखणारा माणूस योजनेच्या सभेत पहिल्या स्लाइडलाच खुर्ची मागे सारून उठला असता. पण हॉलमध्ये तुम्हाला ओळखणारे थोडे आणि साडूला ओळखणारे फार.

पुढे बिटकॉइन द्यायची वेळ आली तेव्हा लोकांच्या हाती ‘एमकॅप’ नावाचं घरचंच टोकन पडलं. बाजारात त्याला कुणी विचारेना. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाज यांना अटक केली, २०२२ च्या जानेवारीत ते वारले. लोकांकडून गोळा झालेल्या बिटकॉइनचा आकडा ईडीने सुमारे ६,६०० कोटी रुपयांचा सांगितला.

यापुढचा भाग एखाद्या नाटककाराने लिहिला असता तर ‘जरा जास्तच झालं’ म्हणून आपण नाक मुरडलं असतं. तुमची भाषा पोलिसांना कळेना, म्हणून त्यांनी मदतीला तज्ज्ञ घेतले. त्यांतल्या दोघांना मार्च २०२२ मध्ये त्याच पुणे पोलिसांनी अटक केली; एक सायबरतज्ज्ञ, दुसरा माजी पोलीस अधिकारी. आरोप असा की तपासात हाती लागलेलं आभासी चलन त्यांनी परस्पर स्वतःच्या वॉलेटमध्ये वळवलं. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. पण साहेब, या सगळ्या व्यवहारांत तुमच्या वहीत एकही चूक झाली नसणार. कुठून निघालं, कुठे गेलं, किती वाजता गेलं, सगळं तुम्ही इमानेइतबारे टिपलं असेल. चोरीची नोंद इतकी सुवाच्य, आणि मुद्देमाल परत आणायचा म्हटलं की तुम्ही हात वर करणार. चावी ज्याच्याकडे तो मालक, एवढाच तुमचा कायदा.

आमच्या सोसायटीत भिशी चालते. वही दोनशे पानी, ठेवणाऱ्या काकू तिसऱ्या मजल्यावर. आकडा चुकला तर त्या लाल पेनाने खोडून वर सही करतात. तुमच्या लेखी ही वही म्हणजे अगदीच कच्चं काम. पण पैसे अडले तर बेल कोणाच्या दाराची वाजवायची, हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं.

तुमच्या नावावर जे जगतात त्यांना तर तुमचीही गरज लागत नाही. ‘वनकॉइन’वाल्यांची भरतीची सभा एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत पोलिसांनी उधळली, १८ जणांना पकडलं. त्या नाण्याच्या मागे खरी ब्लॉकचेन नव्हतीच, होता तो कंपनीच्या ताब्यातला साधा डेटाबेस. संस्थापक रुजा इग्नातोव्हा बाई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विमानात बसल्या आणि अजून सापडायच्या आहेत.

आमच्या सरकारचंही कौतुक करायला हवं. तुमच्या वहीतली नाणी चलन नाहीत असं ते ठामपणे सांगतं, ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असं बारसं करतं, आणि २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर घेतं. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करू देत नाही. फायदा झाला तर भागीदार, बुडालात तर तुमचे तुम्ही! या सगळ्या प्रकरणात ठरलेली टक्केवारी खरोखर वसूल करणारं मला तरी एवढंच एक खातं दिसलं.

तेव्हा विनंती एकच. नोंदी ठेवण्याचं तुमचं काम तुम्ही जरूर करा, त्याला कुणाची हरकत नाही. फक्त पुढच्या वेळी कुणी हॉटेलचा हॉल घेऊन, समोसे मागवून तुमच्या नावाने दरमहा ठरावीक टक्के देऊ करील, तेव्हा तिथे हजर राहून ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ एवढं मोठ्याने बोला.

कळावे,
आपला,
भिशीचा एक सभासद

ता. क. डिसेंबर २०१७ मध्ये ‘लाँग आयलंड आइस्ड टी’ या अमेरिकी कंपनीने नाव बदलून ‘लाँग ब्लॉकचेन’ केलं आणि शेअर एका दिवसात जवळजवळ तिप्पट झाला. तोपर्यंत ती फक्त थंड पेयं विकत होती. पुढच्याच वर्षी नॅसडॅकने शेअर यादीतून काढला. त्यात तुमचा दोष नाही, हे मलाही मान्य आहे. पण निदान मानधन तरी मागायचंत.